पाळीव उंदराची शिंक आणि नव्या उंदराचा गृहप्रवेश

घरात नवा उंदीर आला की दोन प्रश्न हमखास पडतात. हा शिंकतोय ते साधं आहे की आजारी आहे? आणि जुन्यांबरोबर याला सोडायचं कधी? बहुतेक जण ही दोन वेगळी कामं समजतात. माझ्या मते हे एकच काम आहे. उंदराच्या छातीत दबून बसलेला जंतू ताण आला की डोकं वर काढतो, आणि अनोळखी उंदराशी गाठ पडणं हा त्यांच्या लेखी मोठाच ताण असतो. शिवाय नव्या पाहुण्याबरोबर नवा संसर्गही घरात येऊ शकतो. म्हणून आधी श्वास तपासायचा, मग घरातली हवा सुधारायची, नव्याला काही दिवस वेगळं ठेवायचं आणि सगळ्यात शेवटी ओळख करून द्यायची. याला महिनाभर सहज लागतो. पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षंच जगतो, त्यामुळे महिनाभर थांबणं जिवावर येतं हे मला ठाऊक आहे. तरीही थांबा.

शिंकेमागे काय असतं

सगळ्यात आधी एक नाव लक्षात ठेवा: मायकोप्लाझ्मा पल्मोनिस. हा जंतू आईकडून पिल्लाला मिळतो, एकमेकांच्या श्वासातून पसरतो आणि दुकानातून किंवा घरगुती पैदाशीतून आलेल्या जवळजवळ प्रत्येक उंदरात असतो. तुमच्याही उंदरात तो आहे असं धरूनच चाला. तो मुळासकट जात नाही. काही उंदीर त्याला अंगावर घेऊन म्हातारे होतात आणि कधी आजारी दिसत नाहीत. काहींना सहाव्या महिन्यातच छातीत घरघर सुरू होते. फरक पडतो तो अंगच्या प्रतिकारशक्तीने, हवेने, ताणाने आणि सोबतीला दुसरा एखादा जंतू आला की काय, याने.

दुसरं म्हणजे नवं घर. प्रवास करून आलेलं पिल्लू पहिला आठवडा, कधी दोन आठवडे शिंकतं. नवे वास, नवी धूळ, नवं अंथरूण, सगळंच बदललेलं असतं. पिल्लू खातंय, उड्या मारतंय, डोळे स्वच्छ आहेत आणि शिंका दिवसेंदिवस कमी होतायत, तर नोंद ठेवा आणि थांबा.

तिसरं कारण घरातली हवा. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्या घरांत बहुतेक वेळा तिथेच पाणी मुरतं.

काही गोष्टींना लोक उगाच घाबरतात. पिल्लांना उचकी लागते. अंगाला झटके बसतात, पण आवाज येत नाही. ती आपोआप थांबते. खूश झालेला उंदीर दात कटकट घासतो आणि त्या वेळी डोळे पुढे-मागे हलतात. तो दम लागल्याचा प्रकार नव्हे. लाल डोळ्यांचे पांढरे उंदीर डोकं डावीकडे-उजवीकडे डोलवत बसतात, कारण त्यांची नजर अधू असते आणि असं डोलवून ते अंतराचा अंदाज घेतात. आणि नाकाभोवती किंवा डोळ्यांच्या कडेला दिसणारा तांबडा डाग हे बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा तो पोरफायरिन नावाचा लाल स्राव. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घरात असेल तर कापसावर तो डाग घेऊन अंधारात बघा, गुलाबी-लाल चमकतो. झोपेतून उठल्यावर थोडा दिसला तर चालतं. दिवसभर साचून राहत असेल तर मात्र उंदीर आजारी आहे किंवा ताणात आहे, हे नक्की.

आज रात्रीच करायची तपासणी

शिंका मोजत बसण्यापेक्षा श्वास मोजा. उंदीर शांत झोपलेला असताना फोनवर पंधरा-वीस सेकंदांचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या आणि नंतर बरगड्यांची हालचाल मोजा. नुसत्या डोळ्यांनी तो वेग पकडणं अवघड असतं. निरोगी उंदराचा श्वास आरामात मिनिटाला साधारण ७० ते ११५ च्या दरम्यान असतो. म्हणजे पंधरा सेकंदांत १८ ते २९. दोन-तीन दिवस रोज मोजलंत की तुमच्या उंदराचा नेहमीचा आकडा कळतो, आणि पुढे कामाला येतो तो हाच आकडा.

मग आवाज ऐका. खोलीतला पंखा बंद करा, उंदराला हलकेच हातात घ्या आणि त्याची कूस फोनसारखी कानाला लावा. निरोगी छातीतून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. शिट्टी, घरघर, किंवा प्रत्येक श्वासाला 'चिट्-चिट्' असा बारीक आवाज येत असेल तर तो लिहून ठेवा. शक्य असेल तर रेकॉर्डही करा, कारण दवाखान्यात गेल्यावर उंदीर घाबरून असा काही गप्प बसतो की डॉक्टरांना काही ऐकूच येत नाही.

तिसरं, वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाडगा ठेवून आठवड्यातून एकदा वजन घ्या. पूर्ण वाढलेली मादी साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते, नर त्याहून बराच जड असतो. उंदीर आजार लपवण्यात पटाईत, पण काट्यापुढे त्याचं काही चालत नाही. मोठ्या उंदराचं वजन आठवड्यात दहा टक्क्यांनी उतरलं तर बाकी लक्षणं असोत वा नसोत, डॉक्टर गाठा.

आता वाट अजिबात बघायची नाही अशी लक्षणं. उंदीर नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे त्याने तोंड उघडून श्वास घेतला की परिस्थिती गंभीर आहे असं समजा. प्रत्येक श्वासाला कुशी खोल आत जाणं, मान वर ताणून बसणं, पंजे किंवा शेपूट निळसर-राखाडी पडणं, पाठीचा कणा कमानीसारखा करून केस पिंजारून एका कोपऱ्यात बसून राहणं, आवडता खाऊ नाकासमोर धरला तरी न हुंगणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. नेताना हाताळणी कमीत कमी करा, डब्यावर कापड टाका, आणि गाडीत अत्तर किंवा एअर फ्रेशनर असेल तर काढून ठेवा.

घरातली हवा

नाकाला झोंबणारी पहिली गोष्ट पिंजऱ्यातच तयार होते. लघवी साचली की तिच्यातून अमोनिया वायू सुटतो, आणि श्वासनलिकेतला कचरा बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस तो निकामी करतो. मायकोप्लाझ्माला मग रान मोकळं मिळतं. आपल्याला वास येतो तो उभ्याने. उंदीर राहतो त्या लघवीपासून दोन बोटं उंचीवर. म्हणून सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी नाक नेऊन हुंगून बघा. जरा जरी झणका आला तरी सफाईला उशीर झालाय. एका वेळी सगळा पिंजरा धुवून काढू नका, अर्धा आज, अर्धा दोन दिवसांनी. सगळा वास एकदम गेला तर उंदीर आपली खूण परत उमटवण्यासाठी आणखी जास्त लघवी टाकत सुटतात. पुसायला पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून ते वापरा. फिनाईल, ब्लीच आणि वासाचे फ्लोअर क्लीनर त्या खोलीत नकोत.

अंथरुणाचं बघू. वखारीतून फुकट मिळणारा लाकडाचा भुसा बहुतेक लोक आणतात, आणि मी पहिल्यांदा तोच बदलायला सांगते. त्यात कुठलं लाकूड आहे कोणालाच माहीत नसतं. पाइन, देवदार यांच्या भुशातले उग्र तैलद्रव्य श्वसनाला आणि यकृताला वाईट, आणि बारीक धूळ तर प्रत्येक भुशात असतेच. भाताचं तूस आणि पेंढाही नको. धूळ असते, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. सगळ्यात सोपं म्हणजे ऑफिसच्या श्रेडरमधला साधा कागद, वर जुनी सुती चादर किंवा फ्लीसचं कापड. कापड दोन-तीन दिवसांनी बदला, बिनवासाच्या साबणात धुवा, आणि फॅब्रिक कंडिशनर टाळा.

त्यानंतर आपलं स्वयंपाकघर नि देवघर. हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा किंवा सुक्या मिरच्यांच्या फोडणीचा खकाणा आपल्यालाच ठसका लावतो, मग सुमारे तीनशे ग्रॅमच्या जिवाचं काय होत असेल? पिंजरा स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीच्या वेळी मधलं दार लावा नि एक्झॉस्ट चालू ठेवा. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन, कपाटातल्या डांबरगोळ्या, डिओचे स्प्रे, सिगारेट, भिंतींचा ताजा रंग, यांतलं काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. गणपतीत घरभर धूप फिरतो, तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत न्या, आणि हे आजींना आधीच सांगून ठेवा. 'बाप्पाच्या वाहनाला धुराचा त्रास होतो' हे कारण आमच्याकडे एका वाक्यात पटलं. डासांसाठी खिडकीला जाळी आणि पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड सगळ्यात चांगलं. दिवाळीत फटाक्यांच्या धुराच्या संध्याकाळी खिडक्या बंद ठेवा.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की आधीच कमकुवत छातीच्या उंदराला धाप लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी खोली थंड ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. कुंडीची ओली खापरं किंवा गार फरशीचा तुकडा पिंजऱ्यात ठेवा. पण कूलरचा नि एसीचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका.

नव्या पिल्लाच्या कितीतरी शिंका एवढं केल्यावरच आठवडाभरात थांबतात.

डॉक्टरांकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर उंदीर बघतोच असं नाही. आधी फोन करून स्पष्ट विचारा: "डॉक्टर, पाळीव उंदीर आहे, श्वासाचा त्रास आहे, तुम्ही बघता का?" मुंबई-पुण्यात पक्षी नि छोटे प्राणी बघणारे पशुवैद्य मिळतात. इतरत्र शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हा एक आधार असतो. मुंबईत परळला, नागपूरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला अशी महाविद्यालयं आहेत. तिथेही फोन करूनच निघा. ही चौकशी उंदीर आजारी पडायच्या आधी करून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

मायकोप्लाझ्मावर सहसा डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा अॅझिथ्रोमायसिन यांतलं एखादं किंवा दोन मिळून देतात, तेही बहुधा दोन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं नेमका त्या भित्तिकेवरच घाव घालतात. म्हणून नुसत्या अॅमॉक्सिसिलिनने तो हलत नाही. सोबतीला आलेल्या दुसऱ्या जंतूंसाठी डॉक्टर ते देऊ शकतात. माणसांच्या गोळ्या घरात फोडून देऊ नका. तीनशे ग्रॅमच्या जिवाला लागणारी मात्रा माणसाच्या एका कॅप्सूलचा इतका छोटा अंश असते की अंदाजाने ती काढताच येत नाही. औषध कडू असतं, ते पिकल्या केळ्यात कालवून द्या. दही, दूध, पनीर यांत देऊ नका. त्यातल्या कॅल्शियमने डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन दोन्ही बांधली जातात आणि अंगी लागत नाहीत. शिंका थांबल्या म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. छातीतली घरघर जुनी असेल तर डॉक्टर नेब्युलायझर सुचवतील. झाकणाला भोकं पाडलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात नळी सोडून सलाइनची वाफ देता येते. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ मात्र नको, भाजण्याचा धोका असतो.

नव्याला वेगळं ठेवणं

क्वारंटाइन हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उंदरांत तो का हवा, ते बघा. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुजवणारा, करोना कुळातलाच एक विषाणू उंदरांत असतो. गळा गालगुंड झाल्यासारखा सुजतो, डोळ्यांतून तांबडं पाणी येतं, शिंका लागतात. सेन्डाय नावाचा दुसरा विषाणू फुप्फुसांवर बसतो. दोन्ही हवेतून झपाट्याने पसरतात. धडधाकट उंदीर त्यातून दोनेक आठवड्यांत बाहेर येतो, पण मायकोप्लाझ्माने आधीच पोखरलेला म्हातारा उंदीर दगावू शकतो. उवा आणि गोचिडीसारखे बारीक किडेही नव्या उंदराबरोबर येतात. खांद्यावर, मानेवर खाजवून झालेल्या खपल्या दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा.

तीन आठवडे ठेवा. ते दुसऱ्या घरी असतील तर उत्तम, म्हणजे जिथे उंदीर नाहीत अशा मावशीकडे किंवा मित्राकडे. एकाच खोलीत दोन पिंजरे दोन कोपऱ्यांत ठेवणं हा क्वारंटाइन नव्हे, हवा तीच राहते. घरात दुसरी सोय नसेल तर निदान दार बंद होणारी, स्वतंत्र खिडकीची खोली हवी. आधी जुन्या उंदरांचं सगळं आटपा, मग नव्याकडे जा. नंतर हात साबणाने धुवा आणि वरचा शर्ट बदला. भांडी, बाटल्या, कापडं वेगळी. नव्यांची जोडी आणली असेल तर त्यांना एकत्रच ठेवा. एकटं पिल्लू तीन आठवडे कुढतं, म्हणून मी नेहमी दोन आणायला सांगते. पुढे ओळखीच्या वेळीही जुन्यांचा सगळा रोख एकट्यावर येत नाही. एकटंच आलं असेल तर रोज जास्तीत जास्त वेळ त्याच्याशी खेळा.

या तीन आठवड्यांचा मादीच्या बाबतीत आणखी एक उपयोग. उंदरीण २१ ते २३ दिवस गाभण असते. दुकानात नर-मादी एकाच पेटीत असतील तर ती पोटुशीच आलेली असू शकते, आणि वेगळं ठेवलं तर ते तुमच्या डोळ्यांसमोर उघड होतं. नर-मादी स्वतः तपासून घ्या. पाच आठवड्यांच्या नराचे अंडकोश शेपटीखाली स्पष्ट दिसतात, थंडीत मात्र ते आत ओढून घेतले जातात. मादीच्या पोटावर स्तनाग्रांच्या दोन ओळी दिसतात, नराला त्या नसतात. उंदीर पाच-सहा आठवड्यांतच वयात येतात, एका वेतात आठ-दहा पिल्लं सहज होतात आणि व्याल्यावर दिवसभरात उंदरीण पुन्हा गाभण राहू शकते. "एकदाच, पाच मिनिटं" असं म्हणून नर-मादी एकत्र सोडू नका. नराचं खच्चीकरण केलं असेल तरी शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे थांबा. आणि भूल देण्याआधी उंदराला उपाशी ठेवू नका. त्याला उलटी होतच नाही, उपासाने उलट अशक्तपणा येतो.

बाहेरच्या उंदरांचा संबंध टाळणं हेही यातच आलं. पिंजरा गॅलरीत किंवा जमिनीवर ठेवू नका. रानटी उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस येतो आणि तो माणसांनाही होतो. पावसाळ्यात तर फारच जपा.

ओळख

सुरुवात करण्याआधी एक अट. नव्या-जुन्या कोणाचाही श्वास वाढलेला नाही, कोणाचा औषधाचा कोर्स चालू नाही, वजनं स्थिर आहेत. एखादी साधी शिंक चालेल, घरघर चालणार नाही. दोन वर्षांच्या, छातीने थकलेल्या उंदरासाठी उड्या मारणारी पिल्लं आणायची की नाही, याचाही इथेच विचार करा. त्याचा जोडीदार गेला असेल आणि तो एकटा पडला असेल तर त्याच्यासाठी शांत, मध्यम वयाची सोबत बरी. आणि सहा-सात आठवड्यांच्या आतलं पिल्लू मोठ्या नरांसमोर सोडूच नका.

पहिले दोन-तीन दिवस दोन्ही पिंजरे एका खोलीत, पण वीतभर अंतरावर ठेवा. रोज अंथरुणाचा एखादा तुकडा इकडचा तिकडे टाका. उंदीर एकमेकांना आधी वासाने ओळखतात. तो तुकडा ओढत घरट्यात नेला तर उत्तम. त्यावर लघवी केली, कुरतडला, तरी बिघडत नाही.

मग प्रत्यक्ष भेट. जागा अशी हवी की कुठल्याच उंदराने ती आपली मानलेली नसेल. आपल्याकडे कोरडं न्हाणीघर सगळ्यात सोयीचं. आदल्या दिवशी नुसत्या पाण्याने धुऊन सुकवा, मोरीच्या जाळीवर जड फरशी ठेवा, खाली जुनी चादर अंथरा, बादल्या-मग बाहेर काढा. लपायला डबे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी उघडे ठेवा. एकाच तोंडाच्या डब्यात कोंडलेला उंदीर जिवाच्या आकांताने चावतो. हाताशी जाड टॉवेल आणि पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ठेवा. भांडणात उघडा हात कधीही घालू नका. भडकलेला उंदीर कोणाचा हात आहे ते बघत नाही, आणि जखम खोल होते. चावलंच तर साबणाने खूप धुवा, डॉक्टरांकडे जा आणि उंदीर चावल्याचं सांगा. पुढच्या काही दिवसांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी आली तर तेही त्यांना कळवा.

पोटभर खाल्लेल्या उंदरांना संध्याकाळी सोडा. नव्यांना आधी, पाच मिनिटांनी जुन्यांतला सगळ्यात शांत उंदीर, मग बाकीचे. पोरांना, पाहुण्यांना या वेळी बाहेर ठेवा.

आता काय दिसेल ते सांगते. आमची बुंदी ही जुनी, भारदस्त मादी. शेवई हे नवं पिल्लू तिच्यासमोर आलं तेव्हा बुंदीने आधी तिचं बूड हुंगलं, मग मानेखाली नाक घालून तिला एका झटक्यात पाठीवर पाडलं, पुढचे दोन्ही पंजे छातीवर रोवले आणि गळ्याखालचे केस दातांनी खसाखसा विंचरू लागली. शेवई असं काही चिरकत होती की दाराबाहेरच्यांना वाटलं, संपलं. पण तिचे चारही पाय ढिले होते, बुंदीची पाठ सपाट होती आणि केस अंगाला चिकटलेले होते. रक्ताचा थेंब नाही. मिनिटाभराने बुंदी बाजूला झाली नि स्वतःचे पंजे चाटत बसली. शेवई उठली आणि पुन्हा तिच्याचकडे गेली. हे भांडण नव्हतं, बुंदी फक्त घरात कोण मोठं ते सांगत होती, आणि अशा वेळी मध्ये पडायचं नसतं. पाठीवर पाडणं, जबरदस्तीने चाटणं, अंगावर चढणं, दोन पायांवर उभं राहून ढकलाढकली, पळवणं आणि चिरकणं हे सगळं यातच येतं. दर चिरकण्याला तुम्ही नव्याला उचललंत तर ते सांगणं अर्धवट राहतं आणि पुढच्या भेटीत पहिल्यापासून सुरू होतं.

खरा धोका वेगळा दिसतो, आणि तो बहुधा आवाज न करता येतो. पाठीवरचे केस ताठ उभे राहून उंदीर दुप्पट दिसतो. अंग कमानीसारखं करून तो तिरका-तिरका सरकत दुसऱ्याला कोपऱ्यात रेटतो. शेपूट जमिनीवर वळवळते, नाकातून फुसफुस येते. अशा वेळी मधे पुठ्ठा घाला. दोघं एकमेकांत गुंतून चेंडूसारखे लोळू लागले तर टॉवेल टाका आणि टॉवेलातूनच वेगळे करा. रक्त आलं तर त्या दिवसापुरतं थांबा, जखम सलाइनने धुवा. साधा ओरखडा दोन दिवसांत सुकतो. खोल भोक पडलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण ते वरून मिटतं आणि आत पू धरतं.

पहिली भेट पंधरा-वीस मिनिटं पुरे. शेवटी ताटलीवर मऊ भात नि दह्याचा पातळ थर पसरून ठेवा, म्हणजे सगळ्यांना शेजारी-शेजारी उभं राहून चाटावं लागतं. शेंगदाणा किंवा बिस्कीट देऊ नका, जे तोंडात धरून पळता येतं त्यावरून मारामारी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा जास्त वेळ.

दोन-तीन भेटी शांत झाल्या की मी छोट्या जागेकडे वळते. मांजराला न्यायचा प्लास्टिकचा कॅरियर घ्या, त्यात दोघांपैकी कोणाचाच वास नसलेलं अंथरूण घाला आणि सगळ्यांना त्यात ठेवून शेजारी बसून राहा. अडचणीच्या जागेत उंदीर सहसा भांडण टाळतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात. मादी आणि पिल्लं असतील तर ही पद्धत फार छान चालते. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यानच्या तापट नरांना मात्र कॅरियरमध्ये घालण्याआधी मोकळ्या जागेतल्या भेटी जास्त द्या. दोन-तीन तासांनी सगळे एका ढिगात झोपलेले दिसले की मध्यम आकाराच्या पिंजऱ्यात हलवा, तिथे एक-दोन रात्री जाऊ द्या, मगच मोठ्या पिंजऱ्यात. मोठा पिंजरा आधी पूर्ण धुवा, झोपाळे-घरटी जागच्या जागी न ठेवता सगळी मांडणी बदला. पाण्याच्या दोन बाटल्या लावा आणि खाणं वाटीत न देता पसरून टाका. पिल्लं असतील तर जाळीच्या सळ्यांतलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. ती निसटतात.

आता श्वासाचा जो आकडा लिहून ठेवला होता तो काढा. एकत्र आल्यावर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा श्वास मोजा. पहिले एक-दोन दिवस थोड्या शिंका आणि डोळ्यांच्या कडेला तांबडेपणा येतोच. पण आकडा चढत गेला, घरघर सुरू झाली, किंवा एखादा उंदीर ढिगापासून लांब एकटाच झोपू लागला, तर त्याला त्याच्या लाडक्या जोडीदारासकट वेगळ्या पिंजऱ्यात काढा आणि डॉक्टरांना फोन करा. एकट्याला काढू नका, त्याने ताण आणखी वाढतो. नव्याचं वजन आठवड्याला दोनदा घ्या. वजन अडलं असेल तर त्याला खाण्याजवळ येऊ दिलं जात नाहीये, असं समजा आणि ताटल्या वाढवा.

जमलंच नाही तर

मादींचं बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं. एखादा नर मात्र प्रत्येक भेटीत रक्त काढतो आणि जुन्या साथीदारांनाही छळू लागतो, विशेषतः ऐन भरात असताना. अशा वेळी अनुभवी डॉक्टरकडून खच्चीकरण हा खरोखर उपयोगी उपाय आहे. छाती स्वच्छ असेल तरच करा. घरघर असताना भूल देणं जोखमीचं आहे. शस्त्रक्रियेनंतर स्वभाव निवळायला काही आठवडे लागतात, तेवढं थांबून सगळं पहिल्या भेटीपासून पुन्हा सुरू करा.

तरीही नाही जमलं, तर दोन पिंजरे, दोन जोड्या. प्रत्येकाला एक तरी सोबती हवाच. पिंजरे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. जाळीतून नाकं, बोटं आणि शेपटीची टोकं चावली जातात, आणि वरच्या पिंजऱ्यातला खालच्यावर लघवी टाकून भांडण चालूच ठेवतो. शेजारी-शेजारी, एका उंचीवर, मधे निदान वीतभर जागा ठेवून मांडा. बाहेर खेळायला सोडायच्या वेळा वेगवेगळ्या ठेवा, आणि एका जोडीला बाहेर काढलं की दुसऱ्या पिंजऱ्यावर जाड चादर टाका.